रोपवनात बडवलेला डबा

चहा घ्या, पण कप जरा सांभाळून धरा. माझी ही फजिती ऐकताना आमच्या व्याह्यांनी अख्खा चहा धोतरावर सांडला होता!

स्वराज्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. अर्जुनी मोरगावाकडे आमच्या गावाला लागूनच सागाचं सरकारी रोपवन होतं. त्या उन्हाळ्यात गावात चारा नावालाही उरला नव्हता. मी जंगलखात्याच्या गार्डसाहेबांच्या हातापाया पडून मोठ्या सागांखाली गावची ढोरं चारायची परवानगी मिळवली. अट एकच. शेजारच्या नव्या रोपांत एक खूर जरी पडला, तरी सगळ्या गावाची चराई बंद!

नुसत्या वाळल्या गवतावर ढोरांचं काय भागणार? म्हणून दुपारी मी धानाच्या कोंड्यात मीठ कालवून द्यायचो. तेलाचा रिकामा डबा बडवला, की असतील तिथून धावत यायची. रोपांकडे ढुंकूनही पाहायची नाहीत. काय ऐट होती माझी!

एका दुपारी कोंडा कालवणार, तोच झुडपामागे सागाची वाळकी पानं चुरचुरली. थांबली. पुन्हा चुरचुरली. पिवळसर पाठ दिसली, शेपटी हलली.

वाघ!

माझी पाचावर धारण बसली. डब्यासकट पळालो. पण सागाला चढायला खाली फांद्या असतात का हो? समोर मोहाचं झाड दिसलं, त्यावर चढलो. वाघाला हाकलायला आपण काय करतो? डबा बडवतो. मीही बडवला!

मग खाली पाहिलं. झाड नव्या रोपांच्या मधोमध होतं!

आणि ढोरं निघाली की! सरळ रोपं तुडवत माझ्याकडे! "हट! हट!" म्हणून ओरडलो, तर वर तोंड करून कोंड्याची वाट पाहत उभी. डबा थांबवावा तर वाघ येणार, बडवावा तर उरलेली ढोरं येणार. शेवटी बडवतच राहिलो.

आवाज ऐकून गार्डसाहेब धावत आले. मागोमाग माझी शिदोरी घेऊन बायको, सगुणा.

"काऊन बे, ढोरं रोपात काऊन घातले?"

"वाघ आहे साहेब! त्या झुडपामागं! पळा!"

साहेबांनी काठी उगारली. सगुणा जागच्या जागी थिजली. झुडूप जोरात हललं, आणि बाहेर आलं आमचंच वासरू! गळ्यातली दोरी काट्यांत अडकून बसलं होतं बिचारं.

मी गुपचूप खाली उतरलो.

सगुणाने हात जोडले. "गावाची चराई बंद नका करू जी. ढोराईची काय चूक?"

साहेबांनी मोडकी रोपं पाहिली, गाई पाहिल्या, मग मला पाहिलं.

"ढोराईची चूक नाही बाई. यानं बोलावलं, तं ते आले. चरू दे त्याईले."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण उद्यापासून तू घेऊन ये. याले मी आत नाही सोडत!"

उन्हाळाभर गाई आत मजेत चरत होत्या, अन् मी कोंड्याची टोपली घेऊन हद्दीबाहेर उभा. साऱ्या गावात चराईबंदी लागू झाली ती एकट्या मलाच!