दादाच्या बशीतले स्फटिक

दादाच्या शाळेचा शिपाई सकाळच्या गाडीने पालघरहून बोईसरला आला आणि आमच्या दारात उभा राहिला. "ताई, मास्तर..." एवढंच म्हणाला. दादा गेल्याला महिना होत आला, तेव्हा कुठे हे लिहायला बसले.

वहिनी काविळीने गेली, तिथून हे सुरू झालं. तारापूरकडची मासे विकणारी जानकीबाय काविळीवर एका रानवेलीची मुळी उगाळून देई. तिच्या गावची माणसं बरी झाली होती. वहिनी झाली नाही. बाराव्याला जानकीबाय ओटीवर बसून रडली. "मास्तर, मुळी तीच दिली. आमची पोरं उठली, तुमची बाय का नाय उठली, मला नाय कळत." दादा रसायनशास्त्र शिकलेला. "मला ती मुळी आणून दे," तो म्हणाला.

मग त्याच्या सगळ्या सुट्ट्या घराच्या मागच्या खोलीत गेल्या. मुळीची भुकटी बेंझिन या उग्र वासाच्या द्रावकात उकळायची, अर्क आटवायचा, पांढरी पूड भरलेल्या उंच काचनळीतून थेंब थेंब उतरवून त्यातले घटक वेगळे करायचे. वाऱ्याने भुकटी उडते म्हणून खिडकी बंद. मी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की म्हणे, "आधी त्यात काय आहे ते कळू दे."

एके दिवशी त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. बशीत स्फटिकांच्या पांढऱ्या, चमकत्या सुया धरल्या होत्या. वहिनी गेल्यापासून प्रथमच तो हसला. "शालू, हे आजवर कुणी पाहिलं नसेल."

स्फटिक घेऊन तो मुंबईला आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे गेला. परतला तो थेट आमच्याकडे. पाणीही न पिता म्हणाला, "ओळखीचंच निघालं. जवळजवळ प्रत्येक झाडात असतं. आपण रोज खातो त्या भाजीतसुद्धा..."

"आणि काविळीचं औषध?"

"असेल तर माझ्या हातून निसटलं. नसेलही."

तरी तो पुन्हा त्या खोलीत गेला. पुढे हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. शरीरात रक्तच तयार होत नाही, डॉक्टर म्हणाले, आणि बेंझिनची विषारी वाफ किती दिवस अंगात जात होती, ते विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी एवढंच बोलला, "जानकीबायला सांग, मलाही नाही कळलं." मी अजून सांगितलेलं नाही. त्या मुळीच्या मागे लागूनच दादा गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

कुठलाही पेला हाती आला की दादा तो आधी उजेडाकडे धरायचा, तळाशी काही जमलंय का पाहायला. जेवतानाही. काल माझाही हात तसाच वर गेला. बराच वेळ पाहत राहिले. पाणी होतं... नुसतं पाणी.