चार बोटं उंच

साडी घ्यायला दुकानात बसलात, की समोर साड्या उलगडणाऱ्या माणसाचे तुम्ही काय पाहता? हात पाहता, फार तर त्याचे हसणे पाहता. त्याची पाठ कधी पाहिली आहे का? नसणारच. त्या पाठीकडे तोंड असते ते फक्त कपाटांचे.

गणपतअण्णा गेले ही बातमी मला दुकानाने दिली. मी पेजेचा डबा घेऊन चिकपेटेतून इस्पितळाकडे निघाले होते, आणि भर दुपारी यजमानांच्या दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या दिसल्या. यजमान म्हणजे दुकानाचे मालक. बंगळूरच्या आम्हा जुन्या मराठी घरांत कानडी इतके मुरले आहे, की मालकाला मालक म्हणणे आम्हाला परके वाटते. इस्पितळात अण्णांनी स्वतःचा ठावठिकाणा म्हणून दुकानाचा टेलिफोन नंबर दिला होता. त्यामुळे ते गेल्याचे बायकोच्या आधी, भावाच्या आधी दुकानाला कळले. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा फळ्या पुन्हा उघडल्या होत्या. लग्नसराई होती ना…

अण्णा माझे थोरले काका. माझ्या वडिलांचा कॉटनपेटेत लहानसा छापखाना आहे. कामगारांची पत्रके तिथे छापली जात, आणि मी अक्षरे शिकले ती त्या पत्रकांवरच. अण्णांना पत्रकांचे वावडे होते. "तुझ्या बापाच्या कागदावर सगळे शब्द ओरडतात," ते मला म्हणायचे, "एखादा तरी बोलू दे की गं." स्वतः मात्र ते बोलत फार सुंदर. पांढरी चादर घातलेल्या त्या लांबरुंद गादीवर मांडी घालून ते रेशमाचा पदर असा सोडत, की काही घ्यायचे नसलेली बाईसुद्धा हात पुढे करी. मी शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर बसून ते पाहायची. एक साडी उलगडायची म्हणजे कमरेतून पुढे जायचे, हात लांब करायचा, पुन्हा मागे यायचे. मग घडी घालायला पुन्हा पुढे. पसंत पडली नाही तर दुसरी. बसल्या जागेवरून उठायचे नाही आणि पाठ कुठे टेकायची नाही, कारण मागचे कपाट सतत उघडावे लागते. अशी त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली.

त्यांची कंबर केव्हा गेली ते कुणालाच नेमके सांगता येणार नाही. मला आठवते तेव्हापासून ते भिंतीला धरून उठत. डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत कुणीतरी तापली तार ओढते आहे, असे म्हणत. आमच्या घराने तेल चोळले, एरंडाची पाने बांधली, आणि शेवटी त्यांना होसकोट्याच्या एका म्हाताऱ्याकडे नेऊन कमरेवर डाग दिले. लाल झालेले लोखंड उघड्या पाठीवर टेकवू देणारे हे घर, पण परदेशी शिकून आलेल्या एका डॉक्टरने कण्याजवळ सुई घालावी लागेल म्हटल्यावर सगळ्यांची गाळण उडाली. "सुईनं माणूस लुळा होतो," असे काकूंच्या माहेरच्यांनी सांगितले. कोण लुळे झाले होते, ते त्यांना सांगता येईना. दुकानात यजमानांनी दुखण्याच्या पुड्यांचा डबा ठेवला होता, अण्णांसाठी खास. सकाळच्या कॉफीबरोबर पुडी, दुपारच्या कॉफीबरोबर पुडी. सगळे म्हणत, बघा, यजमान किती काळजी घेतात.

अखेर एका सकाळी अण्णांना अंथरुणावरून उठताच येईना, तेव्हा माझ्या वडिलांनी कुणाचे न ऐकता त्यांना टांग्यात घातले. सुई सुचवणारे ते डॉक्टर कानडी होते, वयाने वडिलांहून लहान. त्यांनी मलाही आत उभे राहू दिले. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली जाते आहे, म्हणाले. कापाकापी नाही, टाका नाही. माकडहाडाच्या वर एक फट असते, तिथून सुई घालून बधिर करणारे औषध आणि मिठाचे पाणी हळूहळू शिरेभोवती सोडायचे.

"लुळा होईन का?" पालथे पडलेल्या अण्णांनी उशीत तोंड घालून विचारले.

"नाही. स्वल्प दाब वाटेल."

"सरी, ठीक आहे. मग लवकर करा. साडी दाखवायला एवढा वेळ लावला असता तर गिऱ्हाईक निघून गेलं असतं."

डॉक्टर हसले, पण हात हलू दिला नाही. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "तार थंड झाली." संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी टांग्यापर्यंत आले. माझ्या काकू देवळात जाणाऱ्या बाई, त्यांनी त्या डॉक्टरला वाकून नमस्कार केला.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते, "हे दुखणं बरं झालेलं नाही, झोपलंय. ते झोपलंय तोवर पाठीला ताकद येऊ द्या. वाकायचं नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. खुर्ची घ्या."

खुर्ची. बस, एवढेच औषध उरले होते, आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नव्हते.

अण्णा चालू लागले म्हणताच यजमान फळे आणि नारळ घेऊन घरी आले. आमच्यात पद्धत आहे, दुखण्यातून उठलेल्या माणसाला मानाने कामावर न्यायचे. शुक्रवारच्या पूजेला त्यांनी अण्णांच्या खांद्यावर शाल घातली आणि गादीवर लक्ष्मीच्या तसबिरीखाली, भारी रेशमाच्या जागी, त्यांना बसवले. माणसे टाळ्या वाजवत होती. अंगावर शाल घातल्यावर माणूस कसा म्हणणार, की मला ही जागा नको? तरी अण्णा म्हणाले. मी तिथे होते, मी ऐकले आहे.

"यजमान, डॉक्टर म्हणतात खुर्चीवर बसा. एक लहानशी…"

"गादीवर खुर्ची?" यजमानांना खरेच नवल वाटले. "गिऱ्हाईक खाली आणि आपण वर? लक्ष्मीच्या तोंडाशी आपलं डोकं? अण्णा, हे तुम्ही बोलताय? आणि दुखणं तर गेलं ना?"

"गेलं," अण्णा म्हणाले.

"मग झालं तर."

सगळे हसले. अण्णाही हसले, आणि मांडी घालून बसले.

यजमान दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला हे लिहिणे सोपे गेले असते. त्यांच्या मते दुखत नाही म्हणजे बरे झाले, आणि बऱ्या झालेल्या माणसाला मानाची जागा दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या एकूण एक माणसाचे हेच मत होते.

मी घरी येऊन पत्रक लिहिले. दुकानात बसून राबणाऱ्याला पाठ टेकायला जागा द्या, एवढीच मागणी, मराठीत आणि कानडीत. वडिलांनी छापले. चिकपेटेतल्या नोकरांनी ते हसून घेतले, काहींनी त्यात सुपारी बांधली. उरलेला गठ्ठा अण्णांनी मागून घेतला. मला वाटले, वाटणार असतील. त्यांनी तो साडीच्या दोऱ्याने करकचून बांधला, वरून मादरपाटाचा तुकडा शिवून घेतला आणि दुकानात नेऊन त्यावर बसले. उंची चार बोटं. गुडघे कमरेखाली येत, कमरेचा ताण सुटे. "पोरी," ते मला म्हणाले, "तुझी क्रांती बुडाला चांगली आहे." मी रागावले होते, पण ते सरळ बसलेले पाहून माझा राग टिकला नाही. किती तरी आठवडे ते पुडीशिवाय राहिले. रात्री जेवताना चक्क गाणे गुणगुणत.

मग एका मोठ्या घरच्या म्हाताऱ्या बाई नातीच्या लग्नाचे रेशीम घ्यायला आल्या. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक. त्यांनी थट्टा केली, "अण्णा, आज फार उंच झालात हो. आम्ही मान वर करून साड्या बघायच्या का?" एवढेच. त्या हसल्या, साड्याही भरपूर घेतल्या. यजमान काही बोलले नाहीत. अण्णांनीच तो गठ्ठा उचलून मागे ठेवला आणि संध्याकाळी काखेत धरून घरी आणला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिऱ्हाईक मोडायचं नसतं गं."

त्या लग्नसराईत दुखणे जागे झाले. डॉक्टर पुन्हा सुई द्यायला तयार होते. वडील हात जोडून विनवीत होते. अण्णा म्हणाले, "कशाला? उठून परत तिथंच तर बसायचं." आमच्या आळीत मात्र बोलले गेले, की बघा, सुई टिकली नाही. सुई टिकली होती. टिकू दिली नाही ती माणसांनी… पुड्या पुन्हा सुरू झाल्या, आता कॉफीपेक्षा जास्त वेळा. या वर्षी पाय सुजले, तोंड सुजले, आणि लघवी कमी कमी होत गेली. त्याच डॉक्टरांनी तपासले. मूत्रपिंडे गेली, म्हणाले, आणि पुड्या किती वर्षे घेत होता म्हणून विचारले. पुड्या कधी कुणी मोजल्याच नव्हत्या, त्या फुकट मिळत होत्या.

तेराव्यानंतर समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. यजमान बोलायला उभे राहिले आणि रडले. खरे रडले, मी ते नाकारत नाही. म्हणाले, "असा माणूस होणे नाही. शेवटपर्यंत गादी सोडली नाही. कधी काही मागितलं नाही."

मी उठले. वडिलांनी माझा हात धरला नाही.

"मागितलं होतं," मी म्हणाले. "खुर्ची मागितली होती. तुम्ही सगळे हसला होतात."

मग सभागृहात पानसुपारी फिरवण्यात आली.

तो गठ्ठा आता माझ्या खोलीत आहे. वरचा मादरपाट मळला आहे, आणि मध्ये अण्णांच्या बसण्याचा खळगा पडला आहे, अजून भरून आलेला नाही. दोरा सोडून पत्रके पुन्हा वाटावीत असे वडील म्हणतात. मी सोडणार नाही. त्या कागदांवरचे शब्द ओरडले तेव्हा कुणी ऐकले नाही. अण्णा त्यांवर बसले तेवढाच काळ ते कुणाच्या कामी आले.

म्हणून ओरडत नाही, मागते. या सराईत तुम्ही साडी घ्यायला जाल. गादीवर बसण्याआधी, पहिली घडी उलगडण्याआधी, दुकानदाराला सांगा: यांना बसायला पाठीची खुर्ची द्या, आम्हाला मान वर करून साड्या बघायला चालेल. आणि खुर्ची येईपर्यंत उभ्या राहा.