नटाचा आवाज

कॉलेज सांभाळून मी जासईच्या एका कंटेनर यार्डात गेटवर तपासणीचे फॉर्म भरतो. ट्रेलर तपासणारे काका चाकाच्या प्रत्येक नटावर हातोडी मारतात, कान देऊन आवाज ऐकतात आणि मगच मला "लिव" म्हणतात. मला ते जरा जास्तच वाटायचं.

परवा माझ्या वडिलांचा ट्रेलर आला. त्यांना घाई होती, म्हणून तपासणीआधीच मी फॉर्मवर सगळीकडे बरोबरची खूण केली. काकांना मागच्या चाकाचा एक नट सैल सापडला. त्यांनी माझा फॉर्म फाडला.

"काका, पप्पांची गाडी आहे," मी कसाबसा म्हणालो.

"म्हनून तर दोनदा आयकाचा. आत तुजा बापूस हाय."

नट आवळून झाल्यावर त्यांनी हातोडी माझ्याकडे दिली. मी पहिल्या चाकापासून सुरुवात केली.