तीन पानी खुलासा

तुमच्या आजोबांना एकदा अटक झाली होती. तुमच्या आईलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. आता ते नाहीत आणि तुम्ही तिकडे दूर आहात, म्हणून लिहिते.

साल १९५८ असेल. बदली होऊन जयपूरला आल्याला तीन महिने झाले होते. बनी पार्क वस्तीत दोन खोल्या भाड्याने होत्या. सकाळी अकराला ऑफिसचा म्हातारा चपराशी सायकलवरून आला. गोदामातले दोन नवे टाइपरायटर गायब होते, किल्ली आजोबांकडे असे, आणि पोलीस त्यांना ठाण्यावर घेऊन गेले होते. आजोबांचा निरोप होता: सगळं इंग्रजीत नीट लिहून आण.

मी आधी समास आखला. खऱ्या माणसाने सगळं लिहून दिलं की भानगड मिटते, अशी आमची समजूत. म्हणून सगळंच लिहिलं. किल्ली रविवारी स्वयंपाकघरात खिळ्याला असते. दूधवाला, मोलकरीण तिथवर येतात. टाइपरायटर आले तेव्हा ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी खोकी न उघडताच वहीत सही केली. तीन पानं झाली, कुठे खाडाखोड नाही.

अडलं ते मायन्यापाशी. ठाणेदाराला काय संबोधायचं? वाटेवर कोपऱ्यात वकिलाची पाटी होती. वकील करायचं मनात नव्हतं. वकिलाकडे चोरच जातात, असं आमच्याकडे मानत. नुसता मायना विचारायला मी आत गेले.

म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी पानं वाचली, घडी केली आणि काळ्या कोटाच्या खिशात घातली. मी परत मागितली.

"बहनजी, यह थाने में दे दिया तो सरकारी वकील को कुछ करना ही नहीं पड़ेगा," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. अटकेतल्या माणसाला वकील भेटू शकतो, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. मी म्हटलं, आम्ही चोर नाही.

"चोरों को यह सब मालूम रहता है."

एवढं शिकून मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि पाच मिनिटांत ती पानं मी स्वतःच्या हाताने देणार होते. मी त्यांनाच वकील केलं; त्यांनी आजोबांच्या सहीसाठी वकीलपत्र माझ्या हाती दिलं आणि मागोमाग येतो म्हणाले.

ठाण्यात आजोबा बाकावर होते. पट्टा काढून घेतलेला, विजार एका हाताने धरलेली. वकीलपत्र बघून भडकले.

"वकील कशाला आणलास? मी चोर आहे का?"

शिपाई हसले. ठाणेदाराने गोड आवाजात कोरा कागद पुढे सरकवला: आपण स्वतःच लिहावं, अर्ध्या तासात घरी जावं. आजोबांनी पेनचं टोपण काढलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. चारचौघांत मी त्यांना कधी अडवलं नव्हतं.

"अहो, त्याच्यावर काही लिहू नका. फक्त इथे सही करा."

कोरा कागद त्यांनी बाजूला सारला. मग त्यांनी वकीलपत्र जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला. पुढे चार महिने दाराशी सायकल थांबली की मी ताटावरून उठून खिडकीशी जायचे. टाइपरायटर कुणी नेले ते कळलंच नाही. खटलाही उभा राहिला नाही. तेव्हा वकीलसाहेबांनी ती पानं परत दिली आणि माझ्याच हाताने शेगडीत टाकायला लावली. अक्षर फार छान आलं होतं. वरची मायन्याची ओळ तेवढी कोरी होती.