सतराव्या प्रश्नापासून पुढे

शिवणाच्या बाईंबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. बावीस वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो. मी खाली ऑफिसात कारकून, त्या वरच्या मजल्यावर शिवणवर्गात. तरी त्या चहा दुधाचा घेत की बिनदुधाचा, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. सकाळी त्या मस्टरवर सही करायला यायच्या. मी पेन पुढे करायचो. त्या म्हणायच्या, "असू द्या भाऊसाहेब, आहे माझ्याकडे." वर्षातले दोनशे दिवस एवढंच बोलणं. पुढचं जे लिहितोय त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं आहे, बरंचसं त्यांच्या भाचीकडून नंतर कळलेलं. कुठे कमीजास्त झालं असेल तर ते माझ्या पदरी.

मुलं त्यांना टाकेबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. शिवण आणि विणकामाचे आठवड्याला दोन तास, तेही फक्त मुलींना, आणि परीक्षेत त्याचे गुण शून्य. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत बाईंची खुर्ची दाराला लागून. कुणी रजेवर गेलं की तो वर्ग बाईंच्या गळ्यात, गठ्ठे बाईंनी बांधायचे, पडदे बाईंनी शिवायचे. गणिताचे सर तर तोंडावर म्हणायचे, "बाईंचं बरंय. धावदोरा घातला की तास संपला." बाई हसायच्या. सरांच्या शर्टाचं एक बटण मात्र वर्षभर लोंबत होतं, ते त्यांनी कधी लावून दिलं नाही.

घरी त्या आणि त्यांची नणंद. दोघींचे नवरे लवकर गेलेले. नणंद-भावजय एका छपराखाली राहतात आणि भांडणाचा आवाज बाहेर येत नाही, याचं शेजाऱ्यांना फार नवल. खरं तर नणंद चांगलीच फटकळ होती. ती घरी इस्त्रीचं काम करायची, आणि तिच्या तोंडाचे चटके इस्त्रीपेक्षा जास्त, असं भाचीच सांगते. ही भाची म्हणजे नणंदेची एकुलती एक मुलगी, आमच्याच शाळेत.

आमची शाळा सरकारी. सगळ्या सरकारी शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांची दरवर्षी एकच सामाईक चाचणी व्हायची. साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा. मूळ पत्रिका यंत्राने तपासायला जायची, खालची कार्बन-प्रत शाळेत राहायची. शंभरात चाळीसची सरासरी पडली की शाळा पास. आमची दोन वर्षं पडली नव्हती. भाची आठवीत होती त्या वर्षी निकाल आला चौतीस, आणि सोबत पत्र: पुढच्या वर्षीही चाळीस गाठले नाहीत तर नववी-दहावीचे वर्ग बंद करून मुलांना पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवण्यात येईल.

हेडसरांनी सभा घेतली. इंग्रजीच्या बाईंनी पालकांना दोष दिला, गणिताच्या सरांनी प्राथमिक शाळेला दिला. शिवणाच्या बाईंना कुणी काही विचारलं नाही. त्या दाराशी बसून ऐकत होत्या.

घरी गेल्यावर त्यांनी नणंदेला सांगितलं, तेव्हा नणंदेने हातातली इस्त्री उभी केली आणि निकाल लावून टाकला. पुलापलीकडे म्हणजे दोन बस, जायला दीड तास, यायला दीड तास. "मी नाही पाठवायची. वर्ग बंद झाला तर ही माझ्याबरोबर टेबलाशी उभी राहील. मी कुठे दहावी झालेय?" भाची आतल्या खोलीत होती. तिने पुस्तक मिटल्याचा आवाज बाईंनी ऐकला.

आता त्या कागदांचं सांगतो. जुन्या प्रती तीन वर्षं ठेवायचा नियम होता, आणि माझ्या कपाटात त्या कशाही कोंबलेल्या होत्या. मी बाईंना म्हटलं, जाड दोऱ्याने टाके घालून पुस्तकासारखे गठ्ठे करून द्याल का. त्या हो म्हणाल्या. कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. मधल्या सुट्टीनंतर ऑफिसच्या कोपऱ्यात बसून त्या एकेक पान लावत होत्या. त्या वर्षीच्या शहाऐंशी पत्रिका होत्या. चाळता चाळता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी काही पत्रिका बाजूला काढल्या. मग आणखी काही. पत्रिका नीट लावून झाल्यावर परत एकत्र करायच्या ऐवजी त्या बराच वेळ नुसत्या बघत बसल्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "या एकतीस मुलांनी शेवटचा, साठावा गोल कोराच ठेवलाय."

मी म्हटलं, वेळ पुरला नसेल.

"वेळ पुरला नाही तर शेवटचे पाच राहतील, दहा राहतील. एकतीस जणांचा बरोब्बर एकच कसा राहील? ओळीच्या शेवटी सुईवर एक टाका कमी भरला, तर तो शेवटाला नाही सुटत. मागे कुठेतरी सुटलेला असतो."

मला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांनी गणिताच्या सरांकडून पुठ्ठ्याची उत्तरसूची मागून आणली. निकालाबरोबर आलेली बरोबर उत्तरं घेऊन सरांनी एका पुठ्ठ्याला त्या त्या जागी भोकं पाडली होती. पुठ्ठा पत्रिकेवर ठेवायचा, भोकात काळा गोल दिसला की उत्तर बरोबर. बाईंनी पहिली पत्रिका घेतली ती भाचीचीच. सोळाव्या प्रश्नापर्यंत जवळजवळ सगळी भोकं काळी. सतराव्यापासून पुढे बहुतेक पांढरी. मग त्यांनी पुठ्ठा एक ओळ वर सरकवला.

सतराव्यापुढची सगळी भोकं काळी झाली. सगळी म्हणजे अगदी सगळी नव्हेत, पण माझ्यासारख्यालाही दिसावं इतकी.

पोरीला सतरावा प्रश्न आला नव्हता. तिने तो सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्याच्या जागी भरलं. तिथून शेवटापर्यंत सगळं एक घर वर सरकलं. त्या एकतीसही पत्रिकांत हेच. कुणाचं नवव्यापासून, कुणाचं चाळिसाव्यापासून.

गणिताचे सर आधी मानेनात. मग उभ्या उभ्याच त्यांनी बेरजा केल्या आणि खुर्ची ओढून बसले. पत्रिका सरकल्या नसत्या तर सरासरी एक्केचाळीस आली असती. "पण ही काय रीत झाली?" ते म्हणाले. "समोर आकडे छापलेत. नववीतल्या पोरांना आकडे वाचता येत नाहीत?"

त्याचं उत्तर बाईंना घरी मिळालं. त्यांनी भाचीला विचारलं, सतराव्याची जागा तू मोकळी का नाही सोडलीस? भाचीला प्रश्नच समजेना. म्हणाली, "मोकळी कशी सोडायची मामी? ओरडा नाही का बसणार?"

आमच्या शाळेत वह्या सरकारकडून यायच्या आणि कायम कमी यायच्या. म्हणून हेडसरांनी सात वर्षांपूर्वी नियम केला होता: वहीत एकही ओळ मोकळी सोडायची नाही. प्रश्न आला नाही तर पुढच्या प्रश्नाचं उत्तर लगेच खालच्या ओळीला. मोकळी ओळ दिसली की वही वर्गासमोर उंच धरली जायची. या नियमावर हेडसरांचं फार प्रेम. जिन्यात पाटी लावली होती. अक्षर माझं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जाता-येता मी ते बघायचो. मुलांनी नियम इतका अंगी बाणवला होता की कोरी जागा दिसली की त्यांचा हात आपोआप ती भरून काढायचा. आठवी-नववीची मुलं पाचवीपासून तेच शिकत आली होती.

हे हेडसरांना सांगायचं कुणी? गणिताच्या सरांना एकदम तासाची आठवण झाली. शेवटी बाईच गेल्या. मी कपाटाची किल्ली शोधण्याचं निमित्त करून आत होतो. बाईंनी भाषण केलं नाही. पुठ्ठा ठेवला, सरकवला, दुसरी पत्रिका घेतली, पुन्हा सरकवला. दहाव्या पत्रिकेला हेडसर म्हणाले, "म्हणजे मी नापास केलं यांना."

"आपण," बाई म्हणाल्या. "वह्या मीही तपासल्यात. मीही ओरडलेय."

हेडसर उठले, जिन्यात गेले आणि स्वतःच्या हाताने पाटी काढून आणली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर त्यांनी सांगितलं, की जे येत नाही त्याची जागा मोकळी सोडा, सोडलीच पाहिजे. मुलांना ते खरं वाटेना. नववीतल्या एकाने वर्गशिक्षकांना हळूच विचारलं, हेडसर आपल्याला पकडायला बघतायत का?

वरच्या कार्यालयाला आम्ही पत्र पाठवलं. उत्तर आलं, यंत्राने वाचलं तो निकाल. चुकीचं म्हणता येत नाही. म्हणजे जे काय करायचं ते पुढच्या चाचणीत, आणि ती पाच महिन्यांवर.

सवय तोंडी सांगून जात नाही, हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी हेडसरांकडे आठवी-नववीच्या सगळ्या मुलामुलींसाठी शिवणाचे तास मागितले. गणिताच्या सरांनी स्वतःचे दोन तास सोडले. त्यांच्याकडून ही फार मोठी गोष्ट. मुलगे वर गेले ते माना खाली घालून. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "बाई, आम्ही काय फ्रॉक शिवायचे?"

"तुला आधी सुईत दोरा ओवता येतो का बघू," बाई म्हणाल्या. त्याला नाही आला.

विणताना दर दहा ओळींनी वेगळ्या रंगाच्या लोकरीचा खुणेचा तुकडा अडकवतात, म्हणजे मोजायला सोपं जातं आणि चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं. बाईंनी मुलांना तेच लावलं. चौकटीच्या कागदावर नक्षी भरायची, मध्येच एखादं घर त्या कोरं सोडायला सांगायच्या. सुरुवातीला मुलांना ते कोरं घर बघवत नसे, हात शिवशिवायचे. दर दहाला थांबायचं, प्रश्नाचा आकडा आणि गोलाचा आकडा बोट ठेवून जुळवायचा. जुळला नाही तर मागच्या खुणेपर्यंत उसवायचं. उसवायला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला. रडत न बसता, घाई न करता, एकेक घर मागे. मुलं रबराला उसवणी म्हणायला लागली. आणि ज्यांना उत्तरंच येत नव्हती, त्यांना बाकीचे शिक्षक शाळा सुटल्यावर घेऊन बसायचे. ते काम शिवणकामाने होणार नव्हतं, आणि बाईंनी तसं कधी म्हटलंही नाही.

चाचणीच्या दिवशी देखरेखीला ज्यांचा विषय परीक्षेत नाही तेच शिक्षक असायचे. म्हणून नववीवर बाई. नियम कडक: बोलायचं नाही, खुणवायचं नाही, पत्रिकेला हात लावायचा नाही.

निम्मा वेळ झाला असताना त्या भाचीच्या बाकाजवळून गेल्या आणि त्यांची नजर तिच्या पत्रिकेवर पडली. पोर प्रश्नपत्रिकेत अठ्ठाविसाव्या प्रश्नावर होती आणि गोल भरत होती सत्ताविसावा. मनावर ताण आला आणि हात जुन्या वळणावर गेला होता. एक बोट टेकवलं असतं, नुसतं खाकरलं असतं तरी पुरलं असतं. बाईंनी मला पुढे एवढंच सांगितलं, की आपले हात आपल्याला परक्यासारखे वाटले. त्यांनी ते मागे बांधले आणि त्या खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भाची सांगते, मामी इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती की मला वाटलं तिला बरं नाही.

मग तिसावा गोल भरायची वेळ आली. भाचीने सवयीने बोट ठेवलं. प्रश्न एकतीस, गोल तीस. ती मागे गेली, विसाव्याला जुळत होतं. तेविसावा प्रश्न सोडला होता, तिथूनच सरकलं होतं. तिने सात गोल एकेक करून पुसले, तेविसावा कोरा ठेवला आणि पुन्हा भरत आली. खिडकीशी उभ्या असलेल्या बाईंना रबराचा आवाज ऐकू आला. त्यांनी वळून पाहिलं नाही. तो आवाज सात वेळा आला, एवढं मोजलं.

निकाल आला त्रेचाळीस. फार मोठा आकडा नव्हे. शाळेवर आणखी दोन वर्षं लक्ष राहील असं पत्रात होतं, पण नववी-दहावी राहिली. हेडसरांनी आकडा फळ्यावर लिहिला आणि मुलं नाचली. नणंदेने भाचीला विचारलं म्हणे, तुला किती? अठ्ठावन्न. "मग दहावीला उगाच टंगळमंगळ करू नकोस," एवढं बोलून ती इस्त्रीला लागली. त्या दिवशी तिच्या हातून एक शर्ट जळला, हेही भाचीनेच सांगितलं.

बाई त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोला म्हणाले होते. मला बोलता आलं नाही. मी खुर्च्या मोजत मागे उभा राहिलो. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

पुढच्या वर्षी एकदा त्या बसथांब्यावर भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. भाची नर्सिंगला गेल्याचं सांगितलं. त्यानंतर त्या तिच्याकडे राहायला गेल्या आणि मग भेट झाली नाही.

"नववीत किती आलीत यंदा?" त्या दिवशी थांब्यावर त्यांनी विचारलं.

"एकावन्न."

"मग बाकं कमी पडतील."

"मागवलीयत. येतील पंधरा दिवसांत."

"तोवर तिघंतिघं बसवा," त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं, आणि त्यांची बस आली.