पाच लाखांची वाटणी

नामदेवशेठ म्हात्र्यांना मी खरं तर फारसा ओळखत नव्हतो. दहाव्याला कोणी तरी म्हणालं, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो, "चांगले होते" म्हणालो आणि खाली बसलो. राहिलेलं लिहून बघतो. जमेलच असं नाही.

घणसोली गावात त्यांच्या भाड्याच्या अकरा खोल्या. आमची सोसायटी गावाला लागूनच. सकाळी देवळाच्या कट्ट्यावर आम्ही शेजारी बसायचो, बहुतेक वेळ गप्प.

सरकारचं आरोग्य कार्ड गरीब-श्रीमंत सगळ्यांना लागू झालं, तेव्हा आमच्या सोसायटीत 'आपल्या टॅक्सवर फुकटेगिरी' या विषयावर मीटिंग झाली. दुसऱ्या दिवशी तेच सभासद कार्डासाठी झेरॉक्सच्या रांगेत भेटले. मीही रांगेत होतो.

म्हात्रे तिघे भाऊ, रेशनकार्ड एकच. त्यामुळे सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाखांचे उपचार. शेठ थोरले. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची वाटणी त्यांनीच केली होती, कुणाची कुरकुर नव्हती. याचीही तशीच करायची म्हणून त्यांनी स्टॅम्पपेपर आणला. मी पोस्टातून निवृत्त, अक्षर बरं, म्हणून मला बोलावलं.

"शेठ, हे पैसे नाहीत हो, उपचार आहेत," मी चाचरत म्हणालो.

"मंग उपचारांची वाटनी लिवा," मधला भगवान म्हणाला.

मी लिहिली. प्रत्येकी एक लाख सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट. उरलेले दोन रुपये गावदेवीच्या नावे.

शेठनी आपला हिस्सा पत्नीच्या, गोजराबाईंच्या गुडघ्यावर घातला. चार वर्षांत पहिल्यांदाच बाई देवळाची पायरी चढल्या. त्या कार्डाला मी वाईट कसं म्हणू? भगवानने हर्निया उरकून घेतला. मग शेठच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली.

"कार्डावर शिल्लक आहे, बसेल त्यात," हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"ती पोपटची हाय," शेठ म्हणाले आणि घरी आले. पोपट म्हणजे धाकटा.

तो कागद सरकार ओळखत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. घरी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. तोवर, थोरला भाऊ आपला हिस्सा मागेल या धास्तीने पोपटने बायकोला, सुचिताला, पित्ताशयाच्या खड्यांसाठी ॲडमिट केलं. ते खडे बारा वर्षं कुणाला त्रास न देता पडून होते. शेठ शहाळी घेऊन भेटायला गेले. मी सोबत होतो.

"दादा, नायतर लॅप्स जाला असता," पोपट खाली बघत म्हणाला.

"बेस केलंस," शेठ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

आता कार्डावर बायपासपुरतं उरलं नव्हतं. सरकारी रुग्णालयाने पाच महिन्यांनंतरची तारीख दिली. मी एकदा धीर करून म्हटलं, "शेठ, एक खोली विका. रोख भरा."

"कार्ड असताना पैशे कोन भरतंय, सायेब? गाव येडा म्हनल."

मग ते कार्डाचं नवं वर्ष लागायची वाट बघत राहिले. नव्या वर्षात नवे पाच लाख, म्हणजे त्यांचा नवा हिस्सा. आमची शेवटची गाठ कट्ट्यावरच पडली. त्यानंतर सातव्या दिवशी ते गेले.

"कार्डाचा नवीन साल कवा लागतंय?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस दिवस राहिले."

"मंग आलाच की." थोडा वेळ ते छाती चोळत बसले. "तुमचा बीपी कसा हाय?"

"बरा आहे."

"जपा. पन तुमाला काय टेन्शन? तुमचा कार्ड तं अख्खाच पडलाय."