मागचं डावं दार

आमची गाडी चौदा वर्षांची झाली तेव्हा ती बाहेरून बरी आणि आतून आजारी दिसत होती. डॅशबोर्ड मुळात काळा होता, हे आता जुना फोटो दाखवूनच पटवावं लागलं असतं. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या उघड्या आवारात ती वर्षानुवर्षं पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली आणि दुपारच्या उन्हाने आतल्या प्लास्टिकचा रंग खाऊन टाकला. दारांच्या आतल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी लागायची.

गाडी विकायची, असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. बाबांनी डोळ्यांच्या त्रासामुळे तीन वर्षांपूर्वी चालवणं सोडलं. बायको सकाळीच लोकलने ठाण्याला बँकेत जाते, माझी नोकरी घरातूनच. गिऱ्हाईकही मिळालं, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला एक तरुण. त्याला बायकोचा हात बसवायला जुनी गाडी हवी होती. त्या कायम तुंबलेल्या रस्त्यावर हात बसायच्या आधी ब्रेकवर पाय बसेल, हे मी त्याला सांगितलं नाही. रविवारी बघायला येतो म्हणाला. फक्त फोटो बघून कुरकुरला, "आतून फारच जुनी वाटते हो."

बाबांना मात्र गाडी विकायची नव्हती. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली, कागदावर नावही त्यांचंच. का नको, असं विचारलं की म्हणायचे, "असू दे ना. खायला मागते का?" मी फारच मागे लागलो तेव्हा सही करतो म्हणाले, पण तोंड एवढंसं करून. त्यांचा जीव त्या गाडीत कशात अडकलाय ते मला कळेना. जी गाडी ते चालवत नाहीत आणि जिच्यातून कुठे जात नाहीत, ती ठेवून करणार काय?

ते कोडं तसंच ठेवून मी गाडी आतून काळी करायला घेतली. मला असल्या कामांची खाज आहे. आता आमचं घर मूळचं देवगडकडचं. केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत आमच्याकडे एकच औषध, खोबरेल. जुन्या बनियनच्या फडक्याने मी सगळा डॅशबोर्ड खोबरेलाने माखला. तो असा काही चमकला की मी लगेच फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर डोंबिवलीतली सगळी धूळ मुक्कामाला आलेली. बोट लावलं तर चिकटत होतं.

मग मुकाट्याने गाडी कल्याण-शिळ रस्त्यावरच्या एका सीटकव्हरवाल्याकडे नेली. साठीचा माणूस, जन्म याच कामात गेलेला. त्याने डॅशबोर्डवर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"खोबरेल?"

"हो."

"कोकणातले ना? दर महिन्याला एक तरी येतो." तो हसला. "आधी हे तेल काढा. शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश, दोनदा धुवा. तेल राहिलं तर रंग धरत नाही, पोपडे निघतात. पूर्ण वाळलं की मग प्लास्टिकचा रंग, एकदम पातळ हात, तीन वेळा. घाई केली की गेलं काम."

एवढं सांगून त्याने सवयीने चारही दारं उघडून बघितली आणि मागच्या डाव्या दाराशी थांबला.

"साहेब, ड्रायव्हर ठेवलेला का?"

"छे. का हो?"

"मग मागे कोण बसतं?"

"कोणीच नाही. गाडी हलतसुद्धा नाही फारशी."

"बसतं हो कोणीतरी." त्याने माझा हात धरून कोपर टेकवायच्या जागेवर ठेवला. "उन्हाने गेलेलं प्लास्टिक खरखरीत होतं. हे बघा, गुळगुळीत. हे झिजलंय. रोज कोपर घासल्याशिवाय असं होत नाही."

बाकीच्या तीन दारांवर हात फिरवला तर खरखरीतच. शिवाय या दाराची काचेखालची पट्टी तेवढी काळी होती, जणू तिच्यावर कोणी सावली धरली होती. मी त्या दाराकडे खुळ्यासारखा बघत राहिलो. परतताना सिग्नलला थांबलो की मान आपोआप मागे वळत होती.

दोन दिवस मी शाम्पूच्या पाण्याने गाडी घासली, पण डोक्यात ते दारच. शेवटी ब्रश ठेवला आणि त्या जागेवर जाऊन बसलो. पुढच्या सीटच्या मागच्या खिशात हात घातला तर घडी घातलेला पंचा निघाला, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. अक्षर बाबांचं.

बाबा रोज जेवण झालं की "जरा खाली जाऊन येतो" म्हणून जातात ते साडेचारला वर येतात. मी समजत होतो, कट्ट्यावर बसत असतील चार म्हाताऱ्यांत. त्या दुपारी ते खाली गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ते सरळ गाडीकडे गेले. मागचं डावं दार उघडलं, काचेच्या कडेला चिमट्यांनी पंचा अडकवला, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि आत बसले. अगदी स्वतःच्या खोलीत शिरल्यासारखे.

मी खाली गेलो. त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा ते चोरी पकडल्यासारखे दचकले.

"बाबा, रोज इथे बसता? एवढ्या उकाड्यात?"

"काचा उघड्या ठेवतो ना. वारा येतो."

"पण घर आहे की वर. तुमची खाट आहे."

ते पंचा नीट करत राहिले. मग म्हणाले, "तुझे कॉल असतात रे. आणि मला सारखा खोकला येतो. त्या दिवशी तू माझ्याकडे बघून थांबा म्हणून हात वर केलास ना, तेव्हापासून इथे येतो. इथे मोकळेपणी खोकता येतं."

तो दिवस मला आठवेना. त्याचंच जास्त वाईट वाटलं. नेट नीट येतं म्हणून त्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीत मी टेबल लावलं, कानाला हेडफोन लावले, आणि असा हात किती वेळा वर केला असेन कोण जाणे. मला स्वतःची लाज वाटली. सीटकव्हरवाल्याला एका दारावरून जे कळलं ते मला एका घरात राहून कळलं नव्हतं.

तिथूनच त्या तरुणाला फोन केला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. तो चिडला, ते बरोबरच होतं. बाबा कोपर झटकत म्हणाले, "मग आता रंग लावणार की नाही? ही बाकीची भुकटी माझ्या शर्टाला लागते."

रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं त्या वेळेला मी त्याच दारापासून रंग सुरू केला. पातळ हात, तीन वेळा. बाबा शेजारी उभं राहून सूचना देत होते. काम झालं, दार आतून नव्यासारखं काळंभोर दिसायला लागलं. बाबांना ते खरंच आवडलं.

"वास किती दिवस राहील रे?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस तरी. तोवर आत बसू नका."

त्यांनी मान हलवली. मग काही मनात न ठेवता, नळाला पाणी कधी येणार हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग दोन दिवस मी बसू कुठे?"